डोहाची वही

बंधाऱ्याच्या वर, जिथं पंचगंगा कोपरात वळते,
तिथं आमचा डोह.
वही माझ्याकडं असते, कारण भोई गल्लीत
माझंच अक्षर लागतं, असं आक्काताई म्हणते.
पहिल्या पानावर ठराव. अकरा अंगठे, चार सह्या.
मृग निघाल्यापासून नारळी पुनवेपर्यंत
डोहात जाळं टाकायचं नाही.
दोन बोटं आत जात नाहीत असल्या आसाचं जाळं
घरातसुद्धा ठेवायचं नाही.
लाल पिल्लांखाली मरळ राखणीला दिसली
तर तोंड फिरवायचं.
ठराव मोडला, तर दिवसभर केंदाळ ओढायचं,
एकट्यानं, गल्लीच्या देखत.

दुसऱ्या पानावर पहिलंच नाव माझ्या भावाचं.
रंगराव. रात्री दोन वाजता, बारीक आसाचं जाळं.
मीच लिहिलं.
त्यानं दिवे लागेपर्यंत केंदाळ ओढलं,
मुळांत अडकलेला एकेक झिंगा सोडवून
परत पाण्यात टाकत.
ह्याला वहीत रकाना नव्हता.
तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही.

येसबा आज्जा अहिराचं सांगायचा.
मांडीएवढा जाड, सापासारखा,
अंडी घालायला दर्यात जाणारा मासा.
कुठल्या दर्यात आज्जा? रत्नागिरीच्या?
घाट उतरला की आलाच तो.
"त्यो न्हवं गं. त्या दर्याकडं आपल्या नदीनं
जन्मतानाच पाठ केलीया.
ही उगवतीला जाती. वाडीला कृष्णेचा हात धरती
आन् जाती, जाती,
आपली बोली कुणाला कळत न्हाई तिथवर."
मी नकाशावर बोट ठेवून बंधारे मोजले, धरणं मोजली.
चौदाव्याला कंटाळले.
अहिराला कंटाळून कसं चालेल?
त्याचा रकाना मी आखून ठेवलाय.
आज्जा गेला. रकाना कोराच आहे.

मग माघातली ती पहाट.
पाणी आधी वासानं आलं, मग रंगानं,
कुणी काकवीची घागर लवंडल्यागत.
मासे काठाला लागून हवा चावत होते.
पूर्वी असल्या दिवशी आम्हीच पाट्या घेऊन धावायचो.
खोटं कशाला बोलू, मीही धावलेय,
परकराचा ओचा भरून.
रस्त्यावर गाड्या थांबल्या. पिशव्या उतरल्या.
आक्काताई पदर खोचून पायरीवर आडवी बसली.
"जीव जायचा हाय अजून त्येंचा," म्हणाली.
तिघं परतले.
बाकीचे तिला वळसा घालून खाली गेले.
हेही लिहिलं.

पाच बाटल्या भरल्या, बुचावर लाख लावली,
चिठ्ठीवर वेळ: पाच वाजून दहा.
कोल्हापूरच्या कचेरीत साहेब म्हणाले,
नमुना आम्हीच घ्यायचा असतो, तुमचा चालत नाही.
रंगरावनं गाडीची किल्ली टेबलावर ठेवली.
"मग चला की आत्ता. मागं बसा."
साहेब तिसऱ्या दिवशी आले.
तोवर पाणी निवळलेलं,
आणि काठावर कावळेसुद्धा उरले नव्हते.
एक बाटली माझ्या फळीवर आहे, गोडेतेलाशेजारी.
वर पाणी, तळाला चार बोटं काळं.
पाहुणे विचारतात, काकवी का?

यंदा आर्द्रात, जेवणं झाल्यावर,
रंगराव दारात उभा. आत आला नाही.
"वहीत लिही. मरळ हाय.
वरच्या अंगाला, करंजाच्या मुळाशी.
लाल पिल्लं, जोंधळ्याएवढी,
समदी एकदमच वर येत्यात श्वासाला."
मी पेन शोधलं. हात थरथरत होता, पण अक्षर लागेल.
"किती असतील?"
"काय म्हाईत," तो म्हणाला,
"तोंड फिरवलं की मी."